मंगळवारची नोंद

बुधवार, ४ तारीख
दुपारची सुट्टी, शाळेची टॉवेलांची खोली

ताई,

मायन्यात काय लिहायचं, यातच माझी अर्धी सुट्टी संपली. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, आता कुठून प्रेम उतू चाललंय. म्हणून नुसतंच ताई. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, महिनाभर मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिनं दिला.

तुझी धाकटी सदतिसाव्या वर्षी शाळेत जाते आहे. केस, त्वचा, नखं शिकवतात त्या शाळेत. हस, हस. आई गेल्यावर पार्लरचं दार बंद झालं. लायसन्सशिवाय ते उघडता येत नाही आणि मला तर आईनं भुवया कोरण्यापलीकडे कशाला हात लावू दिला नाही. म्हणून हा खटाटोप. वर्गात माझ्यानंतरची मोठी मुलगी तेवीस वर्षांची आहे. सगळ्या मला काकू म्हणतात आणि काकू म्हणत म्हणत माझ्याच डोक्यावर कर्लर गुंडाळायचा सराव करतात.

कोर्स बाराशे तासांचा. दारात बोटाचं यंत्र आहे, आल्यावर बोट टेकवायचं, जाताना टेकवायचं. सहा मिनिटं उशीर झाला की पाव तास गेला. रसायनांनी माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे यंत्रातली बाई रोज सकाळी म्हणते, "ओळख पटली नाही." तीनदा म्हणते आणि चौथ्यांदा घेते. तेवढ्या वेळात मागे रांग लागते.

दर तीनशे तासांनी आमची प्रगती तपासतात. हजेरी शंभरात ऐंशी हवी आणि प्रात्यक्षिकं ठरल्याप्रमाणे व्हायला हवीत. पहिल्यांदा कमी पडलीस तर ताकीद, दुसऱ्यांदा प्रोबेशन, तिसऱ्यांदा नाव कमी. माझी ताकीद होऊन गेली, प्रोबेशन चालू आहे, आणि तिसरी तपासणी परवा शुक्रवारी आहे. हजेरी कशीबशी काठावर बसते. रंगाची दहा गिऱ्हाइकं हवीत, माझी नऊ झाली आहेत. दहावं उद्या आहे.

हजेरी का कमी, असं विचारशील. तब्येत, दुसरं काय. मधूनच ताप येतो. कालही आला होता, म्हणून मंगळवार बुडाला.

उद्या येणार आहेत त्या निवृत्त ग्रंथपाल आहेत. दर महिन्याला आमच्या फ्लोअरवर येतात. फ्लोअर म्हणजे शाळेचंच पार्लर: आम्ही शिकाऊ मुलींनी खऱ्या माणसांची डोकी करायची आणि शिक्षिकेनं मागे उभं राहायचं. बाई गोड आहेत, खुर्चीत बसल्या की पुस्तक उघडतात आणि डोकं आमच्या हवाली करतात.

मला फार भीती वाटते आहे, ताई. आईच्या पार्लरमध्ये तू माझ्या मागे उभी असलीस की माझा हात कधी थरथरत नसे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. बाकीही बरंच सांगितलं नाही. घंटा झाली.

तुझी धाकटी


शुक्रवार, ६ तारीख
सकाळी अकरा

ताई,

बुधवारचं पत्र टाकलं नाही. पिशवीत, कंगव्यांच्या पाकिटाखाली आहे. हेही तिथेच जाईल असं दिसतंय. पण लिहिलं नाही तर मी इथे ओरडेन.

साडेनऊला फोन आला. ग्रंथपाल बाईंच्या भाचीचा. काल मी रंग लावला, काळपट तपकिरी, छान बसला होता. संध्याकाळपासून बाईंच्या डोक्याची आग व्हायला लागली. सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. कानापासून मानेपर्यंत पुरळ. धाप लागली म्हणून इस्पितळात ठेवलं आहे.

आमच्या मोठ्या शिक्षिकेला मुली कात्रीबाई म्हणतात, कारण हात रिकामे असले तरी बोलताना तिची दोन बोटं हवेत कापत असतात. आज ती बोटं हललीसुद्धा नाहीत. तिनं बाईंची चिठ्ठी काढली आणि मला विचारलं, "पॅच टेस्ट कधी केलीस?"

मी म्हटलं, "मंगळवारी."

"चिठ्ठीवरही तेच आहे," ती म्हणाली. "ठीक. सोमवारी चौकशी होईल. तोवर तुझी तपासणी थांबवते. फ्लोअरवर जाऊ नकोस, टॉवेल धू."

तुला पॅच टेस्ट ठाऊक आहे, तरी सांगते, कारण मला ते स्वतःलाच पुन्हा सांगायचं आहे. कानामागे रंगाचा ठिपका लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. खाज नाही, पुरळ नाही, तरच डोक्याला लावायचा. चिठ्ठीवर तारीख, कोणता कान, काय दिसलं आणि आपली सही. ती चिठ्ठी पाहिल्याशिवाय शिक्षिका रंग कालवू देत नाही.

चिठ्ठीत काहीही कमी नव्हतं. मंगळवार, उजवा कान, 'त्रास नाही', माझी सही. टेस्ट मात्र झाली नव्हती. गुरुवारी सकाळी बाई यायच्या आधी, याच टॉवेलांच्या खोलीत, ड्रायरवर कागद ठेवून मी ती चिठ्ठी भरली. टेस्ट करून दोन दिवस थांबले असते तर रंग शनिवारी झाला असता, आणि तपासणी शुक्रवारी होती. बाई वर्षभर रंग लावून घेतात, आजवर काही झालं नाही, आता काय व्हायचंय, असं म्हटलं मी मनाशी.

बाईंनी विचारलंसुद्धा. "या वेळी ठिपका नाही का गं?"

मी म्हटलं, "आधीचा झालाय ना, तो चालतो." त्यांनी मान हलवून पुस्तक उघडलं. माझ्यावर विश्वास ठेवून उघडलं, ताई.

शाळेनं गेल्या महिन्यात रंगाची कंपनी बदलली आहे. जुन्या गिऱ्हाइकांचीही नव्यानं टेस्ट करा, असा लाल अक्षरांतला कागद भिंतीवर आहे. तो मीच चिकटवला आहे, स्टुलावर चढून.

आणि मंगळवारी मी शाळेत नव्हते. ते त्या दारातल्या यंत्राला माहीत आहे. चिठ्ठी आणि यंत्र कुणी अजून शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं नाही. दारात पाऊल वाजलं की मी टॉवेल मोजायला लागते. बाईंचे डोळे उघडतील ना गं?


शनिवार, ७ तारीख
सकाळी, घरी

ताई,

बाईंची धाप थांबली आहे. डोळे अजून बंदच. मी इस्पितळात फोन केला, कोण बोलतंय विचारल्यावर ठेवून दिला.

ताप मला कधीच आला नव्हता. तू ओळखलंच असशील, लहानपणापासून माझं खोटं तू माझ्याआधी ओळखायचीस. मंगळवारी आमचा ब्लीचचा तास असतो. डब्यात क्रीम, वर ती पांढरी पावडर, लाकडी चमच्यानं कालवायचं. तो वास आला की मला दरदरून घाम फुटतो, त्या मुलीचा चेहरा दिसतो आणि मी पळते. एकदा निम्म्या तासातून उठून गेले. मग जायचंच सोडलं. नऊ मंगळवार बुडवले. तिथेच हजेरी गेली, तिथून ताकीद, तिथून प्रोबेशन, आणि प्रोबेशनमधून ती चिठ्ठी. अंगठ्यात काटा मोडावा आणि पायच जावा, तसं झालं आहे.

काल जाताना बटण माझ्यामागे जिन्यात आली. बटण म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची, बुटकी, गोल, शर्टाला शिवल्यासारखी मला चिकटलेली. तिला रोलर लावणं जमत नव्हतं तेव्हा मी शिकवलं होतं, तेवढ्यावर ती माझ्यासाठी जीव द्यायला निघाली आहे. तिनं कुठलीतरी बेरीज करून सगळं ताडलं होतं.

"काकू, मंगळवारी मी होते," ती म्हणाली. "मी सांगते की टेस्ट मी केली. माझ्या शब्दावर तुम्ही चिठ्ठी भरली."

"वेडी आहेस का?"

"माझं काय होणार? माझी पाटी कोरी आहे. फार तर एक ताकीद मिळेल. तुमचं तर नावच जाईल."

ताई, आमच्या शाळेची नियमांची पुस्तिका आहे, चौतीस पानांची. मुली पहिल्या दिवशी सही करून ती बॅगेत कोंबतात. मी प्रोबेशनवर आल्यापासून ती पाठ केली आहे. पान एकोणीस: गिऱ्हाइकाच्या नोंदीत खोटेपणा केल्यास ताकीद नाही, प्रोबेशन नाही, थेट नाव कमी. पाटी कोरी असो की भरलेली.

हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे.

मी तिला काय म्हटलं, माहीत आहे? "बघू."


सोमवार, ९ तारीख
संध्याकाळी पाच, बागेतल्या बाकावर

ताई,

घरी जाववत नाही. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही, त्याला वाटतंय मी दहावं डोकं करून सुटले.

चौकशी दोनला होती. टेबलाच्या एका बाजूला कात्रीबाई आणि शाळेच्या संचालक बाई, दुसऱ्या बाजूला मी. चिठ्ठी मध्ये ठेवली होती आणि तिच्या शेजारी यंत्रातून काढलेला हजेरीचा कागद. मंगळवारच्या चौकोनात फुली होती.

मी तोंड उघडायच्या आत दार वाजलं आणि बटण आत आली. तिनं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. बाई मंगळवारी आल्या होत्या, ठिपका तिनं लावला होता, गुरुवारी तिनंच मला 'त्रास नाही' म्हणून सांगितलं. मधेच माझ्याकडे बघून हसलीसुद्धा, बघा कसं जमलं, अशी.

कात्रीबाईनं मला विचारलं, "हे खरं आहे?"

खिडकीत टॉवेल वाळत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पांढरे, निळे, पांढरे, निळे. आणि मी म्हटलं, "हो."

म्हणजे 'त्रास नाही' ही खोटी नोंद तुझी, असं म्हणून संचालक बाईंनी पान एकोणीस उघडलं आणि तिला वाचून दाखवलं. बटणाचं हसू गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा ॲप्रन आणि किट तिथेच ठेवून घेतलं. बाईंचा जबाब झाला की पक्कं पत्र देतील. जिन्यात ती मला म्हणाली, "काकू, घरी काय सांगू हो मी?"

ताई, टॉवेलांकडे बघायला मी तेव्हाच शिकले होते.

आता लिहितेच. ती मुलगी स्वतःच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आली होती. तू मला म्हणालीस, गरम पाणी घेऊन येते, तोवर कशाला हात लावू नकोस. मला तुझ्यासारखं करून दाखवायचं होतं. मी पावडर अंदाजानं घातली, दुप्पट पडली असेल, तिप्पटही असेल, आणि तिच्या चेहऱ्याला लावली. तू परत आलीस तेव्हा ती ओरडत होती. तूच धावलीस, तूच पाणी मारलंस. तिच्या हनुवटीवर तो डाग राहिला तो राहिलाच.

आईनं विचारलं, "कालवलं कुणी?" तू म्हणालीस, "मी नाही." मग आईनं मला विचारलं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी दोरीवरच्या टॉवेलांकडे. मी म्हटलं, "ताईनं."

मी सतरा वर्षांची होते हे काही मी सांगणार नाही. तूही बावीसच वर्षांची होतीस. आईनं तुझ्या हातातला डबा काढून घेतला आणि पुन्हा कधी दिला नाही. महिन्याभरात तू घर सोडलंस. तुझ्यासारखा हात आईचाही नव्हता, हे आई स्वतः म्हणायची, आणि तू आता चष्म्याच्या दुकानात काचा पुसतेस. आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मी रोज ठरवायचे, आज सांगते, आणि रोज तिची चादर बदलून परत यायचे. ती गेली तेव्हा तू आलीस, भिंतीशी उभी राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. मला बरं वाटलं होतं. बोलली असतीस तर मी काय उत्तर दिलं असतं?

अंधार पडायच्या आत उठायला हवं.


बुधवार, ११ तारीख
सकाळी दहा

ताई,

काल मंगळवार होता. मी शाळेत गेले. यंत्रानं तीनदा ओळख नाकारली, चौथ्यांदा घेतलं. ब्लीचचा तास चालू होता, वास कॉरिडॉरपर्यंत आला होता, मी त्यातून चालत कात्रीबाईच्या खोलीत गेले आणि सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर रडले असते. टेस्ट झाली नाही, चिठ्ठी मी भरली, बटण त्या दिवशी बाईंना भेटलीसुद्धा नाही, आणि तिनं खोटं सांगितलं तेव्हा पान एकोणीस मला पाठ होतं.

शेवटचं ऐकल्यावर तिची बोटं हवेत एकदाच मिटली. "हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"नसतं चाललं," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, देव जाणे.

बटणाला ॲप्रन परत मिळाला. खोटं बोलली म्हणून एक ताकीद. माझं नाव कमी झालं. आठशे नव्वद तास झाले होते, तीनशे दहा राहिले होते. निघताना सवयीनं यंत्रावर बोट टेकवलं. त्यांनी तोवर माझं नाव यंत्रातून काढून टाकलं होतं. चौथ्यांदाही घेतलं नाही.

तिथून इस्पितळात गेले. बाईंचे डोळे उघडले आहेत! दोन चिरा फक्त, पण उघडले आहेत. भाची मला आत सोडेना, बाईच म्हणाल्या, येऊ दे. मी जे केलं ते सांगितलं आणि त्यांच्या पायाशी उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारले. मागची तारीख टाकून द्या हो, म्हणून लोक गयावया करायचे. मी कधी टाकून दिली नाही. मला वाटायचं, मी फार कडक आहे. आता वाटतं, बरं केलं."

मग त्यांनी तोंड फिरवलं. क्षमा वगैरे काही केली नाही. "पुस्तक वाचता येत नाही अजून," एवढंच म्हणाल्या, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी नवऱ्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि ते ताईचं? ते तिला कधी सांगणार?"


सोमवार, १६ तारीख
सकाळी दहा वाजून वीस मिनिटं, शाळेसमोरच्या बाकावर

ताई,

नाव कमी झालेल्या विद्यार्थिनीला अपील करता येतं. पान बावीस. अर्ज आज अकरापर्यंत द्यायचा आहे. मंजूर झाला तर सहा महिन्यांनी पुन्हा घेतात, झालेले तास धरतात. नामंजूर झाला तर आठशे नव्वद तास गेले आणि आईच्या पार्लरचं दारही कायमचं बंद. कात्रीबाईनं अर्ज स्वतः आणून दिला. म्हणाली, "दोनच प्रश्न आहेत. दुसऱ्यावर सगळ्या नापास होतात."

पहिला प्रश्न: काय घडलं? ते मी पाऊण पानात लिहिलं, आता ते मला पाठ आहे.

दुसरा: आता काय बदललं आहे, ज्यामुळे हे पुन्हा घडणार नाही?

चार दिवस मी त्या ओळीपुढे बसले. 'मी यापुढे नियम पाळेन' लिहिलं, खोडलं. 'मला पश्चात्ताप झाला आहे' लिहिलं, तेही खोडलं. पश्चात्ताप मला वीस वर्षं होतोच आहे, त्यानं काय थांबलं? शेवटी आज सकाळी लिहिलं, "वीस वर्षांपूर्वी मी माझी चूक माझ्या बहिणीच्या नावावर लिहिली. त्या भीतीनं मी मंगळवार बुडवत होते. आता ती चूक माझी होती, असं मी बहिणीला पत्रानं कळवलं आहे." खाली सही केली, तारीख घातली, अर्ज घडी करून निघाले. मला फार हलकं वाटत होतं.

शाळेच्या फाटकाशी आले आणि थांबले. कळवलं आहे? कधी? पाचही पत्रं माझ्या पिशवीत, कंगव्यांच्या पाकिटाखाली. मी पुन्हा तेच केलं होतं, ताई. आधी नोंद, काम नंतर कधीतरी, बहुतेक कधीच नाही. अर्ज आत दिला असता, त्यांनी वाचला असता, कदाचित मला घेतलंही असतं, आणि पत्रं पाकिटाखालीच राहिली असती. मी मला ओळखते.

म्हणून फाटकावरून परत फिरले आणि इथे बसून हे सहावं लिहिते आहे. सहाही एका पाकिटात घालते. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, इथून दिसते; आधी ती, मग अर्ज. अर्जाची भीती आहेच, पण ती मोठी नाही. तुझं उत्तर आलं तर काय, ही भीती त्याहून मोठी आहे, आणि न येण्याची सगळ्यात मोठी. क्षमा मागत नाही. ती मागितली की तू काहीतरी द्यावंस असं होतं, आणि तुझं मी आधीच पुष्कळ घेतलं आहे.

हे पत्र मावशीला दाखव. तिला अजूनही वाटतं की तूच होतीस. ज्याला दाखवावंसं वाटेल त्याला दाखव.

त्या मुलीचं ब्लीच मी कालवलं होतं. ताईनं नाही.

खाली पूर्ण नावानं सही केली आहे. तारीख आजचीच आहे.